कौसर आपाचा धागा

“मॅडम, हो का न्हाई, एका शब्दात सांगा. हा मेसेज कौसरचाच आहे ना?”

खरात साहेबांनी टेबलावरून फोन माझ्याकडे सरकवला. खरात साहेब म्हणजे जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांच्या शेजारी कंपनीचे मालक बसले होते. त्यांना सगळे नुसते शेठ म्हणतात. मी लॅपटॉपवर लॉग उघडला, मेसेजखालची डिजिटल सही तपासली. हिरवी खूण आली.

“हो,” मी म्हणाले.

तो एक शब्द पुढे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला टोचत राहिला.

माझं काम क्रिप्टोग्राफीचं. म्हणजे चार माणसांचं बोलणं पाचव्याला कळू नये याची व्यवस्था करायची. मी मूळची परतूरची, नोकरी पुण्यात. लग्नकार्यात कुणी विचारलं की माझी आई “ती कुलपं बनवते” असं सांगते. आमच्या मार्केटिंगवाल्यांपेक्षा आईचं वर्णन बरं आहे.

शेठना कुलूप कशाला हवं होतं? कंपनी कपाशीचं संकरित बियाणं बनवते. त्यासाठी दोन वाण लागतात, एक मादी आणि एक नर. दोन्ही एकाच शेतात वेगवेगळ्या ओळींत लावतात. दुपारनंतर बायका मादीची उद्या उमलणारी कळी निवडतात, पाकळ्या आणि आतले परागकोश नखानं अलगद काढतात आणि वर लाल कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्या कळीवर फिरवतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. कुठला नर कुठल्या मादीला लावला हेच कंपनीचं गुपित. नराचं एक पिकलेलं बोंड कुणी खिशात घालून नेलं की वर्षानुवर्षांची मेहनत गेली.

म्हणून कुठल्या गावात कुठला प्लॉट आहे, तिथं कुठला नर आहे, ही यादी जपावी लागते. आधी ती पासवर्ड लावलेल्या फाईलमधून जायची. पासवर्ड सगळ्यांचा एकच, कंपनीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. एकदा एका अनोळखी माणसानं थेट प्लॉटवर येऊन “नराच्या ओळी कोणत्या?” म्हणून विचारलं, तेव्हा शेठनी आम्हाला फोन केला.

आम्ही त्यांना एक ॲप बनवून दिलं. वीस जणांचा ग्रुप होता. चार माणसं ऑफिसची आणि सोळा प्लॉट सुपरवायझर. या सोळाही बाया.

“मॅडम, नवीन पासवर्ड काय ठेवणार?” पहिल्या मीटिंगमध्ये शेठनी विचारलं होतं.

“काहीच नाही. किल्ली कुणी कुणाला पाठवायचीच नाही.”

“मंग कुलूप उघडंल कसं?”

हा प्रश्न मला आवडतो. याला आमच्यात ग्रुप की एक्सचेंज म्हणतात. मी शेठना येसरच्या मसाल्याचं उदाहरण दिलं. समजा वीस घरांना एकाच चवीचा मसाला हवाय, पण कृती कागदावर लिहायची नाही. मूळ मसाला सगळ्यांना माहीत. प्रत्येक घर आपल्या बरणीतली एक गुपित चिमूट त्यात टाकतं आणि डबा पुढच्या घरी देतं. डबे असे फिरतात की शेवटी प्रत्येक घरी वीसही चिमटी पडलेला मसाला तयार होतो. चव सगळीकडे एकच. रस्त्यात कुणी डबा उघडला तरी मिसळलेल्यातून चिमूट वेगळी काढता येत नाही. कुणी नोकरी सोडून गेलं, तर बाकीचे नवीन चिमटी टाकून नवा मसाला करतात. गेलेल्याच्या हाती जुनी चव राहते, तिचा उपयोग शून्य.

“आन चोरानं सगळे अर्धवट डबे एकात एक ओतले तर?”

शेठ धंद्याचे पक्के आहेत. बरोबर तिथंच बोट ठेवलं.

“तरी चव जमत नाही. का जमत नाही ते गणित आहे, त्याला तुमचा आख्खा दिवस जाईल.”

“ऱ्हाऊ द्या मंग. पण डबा खरंच कौसरकडून आला, का तिचं नाव सांगून दुसऱ्यानंच दिला, हे कसं कळायचं?”

“प्रत्येकीचा स्वतःचा शिक्का आहे. डब्यावर शिक्का, मेसेजवरपण शिक्का. तो फक्त तिच्या फोनमध्ये असतो. नाव दिसलं म्हणजे तेच माणूस. शेठ, माणूस खोटं बोलेल, पण गणित बोलत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी जरा ऐटीत म्हणाले. खरात साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. मला तेव्हा छान वाटलं होतं.

आता तो मेसेज. ॲप सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पहिले तीन दिवस फक्त ऑफिसातून सूचना जात होत्या आणि खाली कौसर आपाचं “बराबर” एवढं उत्तर यायचं. बाकीच्या बाया वाचून फोन पिशवीत ठेवायच्या. चौथ्या दिवशी सकाळी ग्रुपमध्ये मेसेज आला, “आमचं क्रॉसिंग संपलं. नर काढायला सांगा.” नाव, कौसर.

क्रॉसिंग संपलं की नराची झाडं मुळासकट उपटून टाकतात. मागे काही राहिलं तर चोरीची भीती. एरवी असा निरोप आला की खरात साहेब त्या बाईला उलट फोन करून खात्री करायचे. त्या दिवशी नाही केला. डायरीत माझं वाक्य होतं ना! त्यांनी थेट पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याला फोन लावला, कारण कौसर आपाचा प्लॉट तिथं. शेतकऱ्यानं दोन गडी लावले. आपा शेताच्या दुसऱ्या टोकाला मादीच्या ओळीत होत्या. त्या धावत येईपर्यंत नराच्या सहापैकी चार ओळी जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. क्रॉसिंगचे अजून आठ दिवस बाकी होते.

दुपारी खरात साहेब आपांना जीपमध्ये घालून ऑफिसात घेऊन आले. मी तोवर आपांना एकदाच भेटले होते. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, बोटांची नखं कळ्या खुडून खुडून पिवळी झालेली. वीस वर्षांपूर्वी याच कंपनीत क्रॉसिंगच्या मजुरीवर लागल्या. शेठनी पहिली बाई सुपरवायझर केलं ते आपांना. त्यांचं काम बघूनच पुढे बाकीच्या पंधरा जणींना ही जागा मिळाली.

“मी न्हाई टाकला,” आपा म्हणाल्या.

“फोन दाव,” खरात साहेब म्हणाले.

आपांनी फोन दिला. त्यांच्या फोनवरही तो मेसेज होता, आणि होता उजव्या बाजूला, हिरव्या चौकटीत. आपण स्वतः पाठवलेला मेसेज दिसतो तसा. आपांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. 

मग माझ्याकडे वळून तो प्रश्न आला, आणि मी “हो” म्हणाले.

शेठ रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. “कौसर, वीस वर्षांत तुझी एक तक्रार न्हाई. चूक झाली असंल, बोट लागलं असंल. तसं म्हण, विषय संपला. चुकीला माफी आहे माझ्याकडं. खोट्याला न्हाई.”

“शेठ, चूक झाली असती तर मीच जीप मागवून आल्ते असते सांगायला. न केलेलं कबूल कसं करू? अल्ला कसम, मी कळ्या बघून राह्यल्ते तेव्हा. फोन झाडाला टांगलेला व्हता.”

“मंग हे गणित खोटं बोलून राह्यलं का?”

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

शेवटी ठरलं असं. उद्या सकाळचं क्रॉसिंग आपांनी उरकायचं, कारण टोप्या घातलेल्या कळ्या कुणासाठी थांबत नाहीत. मग मी प्लॉटवर जाऊन कंपनीचा फोन आणि प्लॉटची फाईल ताब्यात घ्यायची. परवापासून दुसरी सुपरवायझर. आपा उठल्या, पदर नीट केला आणि जीपकडे गेल्या.

मी पुण्याला माझ्या बॉसला, निखिलला फोन लावला.

“सही व्हेरिफाय झाली ना?” तो म्हणाला.

“झाली.”

“रिप्ले वगैरे? जुना मेसेज कुणी परत सोडला असेल?”

“नाही. मेसेजचा क्रमांक ताजा आहे.”

“मग संपला विषय. प्रोटोकॉलचं काम झालं. आता ती बाई आणि तिची कंपनी बघून घेईल.”

तो चूक बोलत नव्हता. पण रात्री जालन्यातच बहिणीच्या घरी जेवायला बसले, तर भाकरी नुसती चिवडत राहिले. बहीण म्हणाली, “तुझं कुलूप बिघडलं का?” मी म्हटलं, “कुलूप चांगलं आहे गं, तीच तर पंचाईत आहे.”

सकाळी लवकर निघाले. भोकरदन मागे टाकून पिंपळगाव रेणुकाईला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. प्लॉटवर मात्र वेगळंच चित्र. मला वाटलं होतं, सुतकी शांतता असेल. इथं तर तीसेक बाया ओळींमध्ये पसरलेल्या, कुणीतरी गाणं म्हणतंय, कुणी त्या गाण्यात मुद्दाम भलतेच शब्द घालतंय आणि बाकीच्या हसतायत. लाल टोप्यांनी शेत नुसतं फुललं होतं. बांधावर ओल्या गोणपाटात गुंडाळून कालची उपटलेली नराची झाडं ठेवली होती आणि त्यांच्यावरची उमललेली फुलं एक बाई भराभर खुडून टोपलीत टाकत होती.

“फेकायची कशाला? रातभर ओलं ठेवलं, कळ्या उमलल्या बघा,” आपा म्हणाल्या. “आजच्याला पुरंल. उद्यापासून दोन वळींवरच भागवायचं. म्हणून जास्त हात बोलावले. ही शीला, वाटूरची सुपरवायझर. तिचं संपलंय, तर सहा बाया घेऊन पहिल्या गाडीनं आली.”

शीला तिशीची, हसरी. “आपाचा फोन आल्ता, नर उपटला गेला, ये म्हणून. मंग यायलाच लागतं ना मॅडम.”

नर का उपटला गेला आणि काल ऑफिसात काय झालं, यातलं आपांनी तिला अक्षर सांगितलं नव्हतं. हे मला लगेच कळलं. आपांना लाज वाटत होती, आणि ती लाज मी दिली होती.

अकरापर्यंत क्रॉसिंग उरकलं. आपा कडुलिंबाच्या झाडाखाली आल्या. बायांचे फोन तिथं फांदीला एका कापडी पिशवीत टांगलेले असतात, कारण हाताला परागकण लागलेले असतात. आपांनी आपला फोन काढून फाईलसोबत माझ्यासमोर ठेवला.

“घ्या मॅडम. पण एक सांगा. तुमच्या मशीनला कसं कळलं का मीच हाये म्हणून? माझा आवाज न्हाई, माझी सही न्हाई.”

मला निदान एवढं तरी समजावून द्यायचं होतं. मी त्यांच्या फोनवर ॲपमधलं एक पान उघडलं. ‘माझी खूण’ असं त्या पानाचं नाव. शिक्का म्हणजे खरं तर आकड्यांची लांबलचक माळ असते. ती कोण वाचणार? म्हणून मी तिचे पाच रंगीत धागे करून दाखवले होते. कल्पना मला इथल्याच प्लॉटवर सुचली होती. क्रॉसिंग झालं की बाई कळीच्या देठाला धागा बांधते. धागा असलेलं बोंडच बियाण्यासाठी वेचायचं. दोघींनी समोरासमोर एकमेकींचे धागे ताडून पाहिले की ओळख पक्की. डिझाइनबद्दल ऑफिसात माझं कौतुक झालं होतं. ते पान मात्र वीसपैकी एकानंही उघडलं नव्हतं.

“हे बघा. गुलाबी, हिरवा, हिरवा, जांभळा, पिवळा. हे पाच धागे या क्रमानं फक्त तुमचे. दुसऱ्या कुणाचे असू शकत नाहीत.”

आपांनी फोन जवळ धरला. मग मान वर न करता म्हणाल्या, “शीला, तुझा दाव.”

“काय?”

“फोन दाव तुझा. ह्ये पान उघड.”

शीलाचे हात पिवळे होते, म्हणून मीच तिचा फोन पिशवीतून काढून उघडला.

गुलाबी, हिरवा, हिरवा, जांभळा, पिवळा.

मी पान बंद करून परत उघडलं. तेच. आपांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवीन मजुरीण चुकली की त्या पाहत असतील.

“मॅडम, दोघींला एकच धागा कुणी वाटला हो?”

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पहिल्या भेटीत कुणी सांगितली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. धागा फक्त क्रॉसिंग झालं हे दाखवायला नसतो. आपांच्या प्लॉटवर प्रत्येक बाईचा रंग वेगळा. सीझनच्या सुरुवातीला आपा स्वतः रिळं वाटतात. रंग कमी पडले तर दोन रंग पिळून एक करतात, पण एक रंग दोघींना देत नाहीत. पुढे बोंड भरलं नाही किंवा आत भेसळ निघाली तर धागा बघायचा, कुणाचा हात चुकला ते लगेच कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणाचा हात चुकला नाही तेही कळतं.

“एक रंग दोघींला गेला तर काय व्हतं सांगू?” आपा म्हणाल्या. “एकीची चूक दुसरीच्या डोक्यावर. धा वर्षांमागं झाल्तं असं. तव्हापासून मी रोज सकाळी पयले धागे बघते, मंग कळ्या.”

मी शीलाकडे वळले.  “शीला, काल सकाळी तुम्ही ग्रुपवर काही टाकलं होतं का?”

“हो ना. आमचं क्रॉसिंग संपलं, नर काढायला सांगा म्हणून. तर कुणी आलंच न्हाई! अजून नर तसाच उभा आहे वाटूरला. मी आज खरात साहेबांला विचारणारच व्हते.”

आपा मटकन खाली बसल्या. आणि मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शीलाला काही कळेना, ती आपांचं बघून हसायला लागली. मी मात्र पिशवीतला तिसरा फोन शोधत होते. शेजारच्या प्लॉटची सुपरवायझर मदतीला आली होती, तिचा. गुलाबी, हिरवा, हिरवा, जांभळा, पिवळा.

“हे फोन कुणी सेट करून दिले?”

“कंपनीनं जालन्याच्या दुकानातून घेतले ना,” शीला म्हणाली. “दुकानवाला म्हणला, सोळा फोन एकेक करत बसलो तर संध्याकाळ व्हईल, तुमच्या गाड्या चुकतील. मंग आपाचा पयला फोन पूर्ण तयार केला, ॲप उघडून दिलं, आन बाकी पंधरा फोनवर त्यातलंच सगळं उतरवलं. लई जल्दी झालं. आम्ही त्याला चहा पाजला.”

म्हणजे माझं ॲप पहिल्यांदा उघडलं ते आपांच्या फोनवर. तिथं शिक्का तयार झाला. दुकानदारानं भल्या मनानं बायांची गाडी चुकू नये म्हणून तो शिक्का पंधरा ठिकाणी उतरवला. नवीन सिमकार्ड घातल्यावर माझ्या ॲपनं फक्त नवा नंबर विचारला, शिक्का जुनाच ठेवला. मेसेज आला की ॲप शिक्का बघायचं आणि यादीत त्या शिक्क्याचं जे पहिलं नाव सापडेल ते दाखवायचं. पहिलं नाव कौसर. आणि ज्या फोनमध्ये तोच शिक्का, तिथं मेसेज स्वतःचाच म्हणून उजवीकडे.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. शिक्का असा उतरवता यायलाच नको होता. प्रत्येक नव्या फोनमध्ये एक छोटी तिजोरी असते. तिच्यात ठेवलेली किल्ली बाहेर काढता येत नाही, कॉपीही होत नाही. मी ती वापरली नव्हती, कारण ऑफिसातल्या एका जुन्या टॅबवर ती चालत नव्हती आणि मला डेमोची घाई होती. शिवाय ग्रुपमध्ये एकच शिक्का दोनदा आला तर थांब, एवढी दोन ओळींची तपासणी मी लिहिली नव्हती. कारण काय, तर गणितानं दोन शिक्के सारखे येणं शक्यच नाही. गणितानं शक्य नव्हतंच. दुकानात होतं.

मी तिथंच कडुलिंबाखाली उभं राहून पहिला फोन निखिलला केला.

“सोळा जणींची आयडेंटिटी की एकच आहे,” मी म्हणाले.

पलीकडून रिपोर्टची पानं उलटल्याचा आवाज आला.

“ऑडिटमध्ये नाही सापडलं हे,” तो शेवटी म्हणाला. “कसं शोधलंस?”

“मी नाही शोधलं.”

दुसरा फोन शेठना. तो स्पीकरवर लावला, आपांच्या समोर. “शेठ, काल मी हो म्हणाले ते चूक होतं. मेसेज आपांचा नव्हता. शीलाचा होता, आणि तिनंही काही चुकीचं लिहिलं नव्हतं. चूक माझ्या ॲपची. म्हणजे माझी.”

“मंग गणित खोटं बोललं?”

“नाही शेठ. गणितानं सांगितलं, या शिक्क्याचा मेसेज आहे. शिक्का कुणाकुणाकडे आहे हे मी तपासलंच नव्हतं.”

शेठनी आधी खरात साहेबांना हाक मारली. मग म्हणाले, “कौसर हाय का तिथं?”

“हाय शेठ,” आपा म्हणाल्या.

“उद्या सगळ्याजणींला घेऊन ये ऑफिसात. दुपारी. जेवण इथंच.”

आपांनी फोन बंद झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी पिवळ्या हातानं माझ्या हाताला धरून मला ओळीत नेलं. “माफी नंतर. आधी एक कळी करून बघा. तुमचा बी हात चुकू द्या एकदा.” माझ्या हातून तीन कळ्या मोडल्या. बाया खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा हॉल बायांनी भरून गेला. जुनं ॲप सगळ्यांच्या फोनवरून काढलं. नवं रात्रीतून पुण्याच्या टीमनं तयार केलं होतं, तिजोरीवालं. प्रत्येकीनं ते स्वतःच्या हातानं उघडायचं आणि स्क्रीनवर बोट गरागरा फिरवायचं. त्या फिरवण्यातून फोनला थोडी अव्यवस्था मिळते, म्हणजे कुणालाच अंदाज बांधता येणार नाहीत असे आकडे, आणि किल्ली बनवायला अव्यवस्था लागते. बायांनी इतक्या उत्साहानं बोटं फिरवली की खरात साहेब म्हणाले, “आरं, काच घासून निघंल!”

मग आपा मध्ये उभ्या राहिल्या. एकेक जण पुढे येऊन आपले पाच धागे मोठ्यानं वाचू लागली. निळा, पांढरा, केशरी, निळा, काळा. लाल, लाल, पोपटी, गुलाबी, पांढरा. आपा ऐकून मान हलवायच्या आणि पुढचीला बोलवायच्या. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. वीस वर्षं रंग लक्षात ठेवलेली बाई ती. सोळा संपल्यावर त्यांनी ऑफिसवाल्यांकडे बोट केलं.

“आता साहेब लोक.”

“आमचे कशाला? आमचे फोन दुकानातून आले न्हाईत,” खरात साहेब म्हणाले.

“धागा धागा असतो साहेब.”

खरात साहेबांनी उभं राहून धागे वाचले. शेठनीही चष्मा लावून वाचले. वीस खुणा, वीस वेगळ्या. मी बटण दाबलं, वीस चिमटींचे डबे फिरले आणि दोन-तीन सेकंदांत वीसही फोनवर एकदम हिरवा दिवा लागला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या नोकरीत आजवर ग्रुप की तयार झाली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही.

जेवायला बसल्यावर जाफराबादकडच्या एका सुपरवायझरनं हळूच तोंड उघडलं. “एक सांगू का? परवा तो नर काढायचा मेसेज माझ्या फोनवर बी माझ्याच बाजूला दिसून राह्यल्ता, हिरव्यात. मला वाटलं, माझंच बोट लागलं. भ्याले आन गप्प बसले.”

“आगं माझ्या बी!” दुसरी ओरडली.

मग तिसरी, चौथी. अकरा बाया निघाल्या, ज्या दोन दिवस मनातल्या मनात स्वतःला गुन्हेगार समजत होत्या. आपा कपाळाला हात लावून म्हणाल्या, “बया, एकीनं जरी सांगितलं असतं तरी बी!” आणि मग अख्खी पंगत जी हसत सुटली ती ताटं उचलेपर्यंत थांबली नाही.

शेठ उठून आपांच्या ताटाजवळ आले. त्यांनी स्वतः वाढप्याच्या हातातून जिलबीचं ताट घेतलं आणि आपांना वाढलं. “कौसर, परवा मी तुला खोटं म्हणलो. मी चुकलो.” सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले.

“शेठ, चुकीला माफी आहे माझ्याकडं,” आपा म्हणाल्या.

शेठना आपलंच वाक्य परत आलेलं पाहून आधी कळलं नाही, मग तेही हसले. आपांनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. “एक अट आहे. नवीन फोन आला, नवीन बाई आली, का धागा मी बघणार. दुकानवाला न्हाई, मॅडम बी न्हाई.” शेठनी तिथल्या तिथं मान्य केलं. आता कंपनीत त्या कामाला चक्क एक पद आहे.

पिंपळगावचं क्रॉसिंग दोन ओळींच्या नरावर आणि शीलाच्या सहा बायांच्या जोरावर पूर्ण झालं. वाटूरचा नर एक दिवस उशिरा का होईना, निघाला. शेवटच्या दिवशी मी प्लॉटवर गेले तेव्हा आपांनी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला दोन रंग पिळलेला एक धागा बांधला. केशरी आणि निळा. “हा रंग कुणालाच दिलेला न्हाई,” त्या म्हणाल्या. तो अजून आहे. एअरपोर्टच्या तपासणीत एकदा एका शिपायानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, ओळखपत्र.

एकच शिक्का दोनदा आला तर थांब, ही दोन ओळींची तपासणी आता आमच्या प्रत्येक प्रॉडक्टमध्ये सगळ्यात आधी चालते. कोडमध्ये मी तिचं नाव ‘कौसर’ ठेवलंय. नवीन मुलं विचारतात, हा कशाचा शॉर्टफॉर्म आहे? निखिल त्यांना जालन्याचं तिकीट काढायला सांगतो.

आणि मी एक सवय सोडली. आजकाल कुणी मला “हो का नाही, एका शब्दात सांगा” म्हणालं, की मी आधी चहा मागवते आणि ज्याच्याबद्दल विचारतायत त्याला समोर बोलावून घेते.